दौंडला उतरलेली नवरी

इंदापूर,
१० सप्टेंबर १९९५

साक्षीच्या पप्पांना,
कोरडा जयभीम.

हे पत्र साक्षीसाठी लिहिते आहे, उगाच गैरसमज नको. तुमचं कार्ड परवा आलं. नाव तिचं, मजकूर तिच्यासाठी, आणि कोपऱ्यात बोगद्यातून बाहेर येणारं इंजिन काढलेलं. पोरीनं ते आधी शेजारच्या पिंकीला दाखवलं, मग शाळेत नेलं आणि शेवटी मला वाचून दाखवलं, जसं काही मला वाचता येत नाही. 'इथं रत्नागिरीला मला कायमची नोकरी देतायत. डिसेंबर संपायच्या आत हो-नाही सांगायचं आहे. तुला आणि आईला काय वाटतं?' एवढं वाचून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. आईला काय वाटतं ते आईलाच विचारायला काय झालं होतं?

पण नाही. जूनमध्ये मी रागाच्या भरात म्हणाले, "इथून पुढं माझ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही," तर तुम्ही मलाही एक अक्षर लिहिलं नाहीत. बॅग भरली आणि कोकणात नव्या रेल्वेच्या कामावर स्टोअर सांभाळायला निघून गेलात. लग्नाला अकरा वर्षं झाली. बाजारातून येताना कोथिंबीर आणा म्हटलं तर कधी लक्षात राहिली नाही, आणि हे मात्र तंतोतंत पाळताय.

राग गेलेला नाही, हेही सांगून ठेवते. रेल्वेवर तुम्ही काय वाट्टेल ते लिहा. बारामतीच्या साप्ताहिकात तुम्ही त्या जुन्या छोट्या गाडीबद्दल लिहिलंत, पोरं तिच्याबरोबर पळत पळत पुढच्या डब्यात कशी चढायची ते लिहिलंत, तेव्हा लसीकरणाला आलेल्या बायकासुद्धा मला म्हणायच्या, "बाई, मालकांनी लई झ्याक लिव्हलंय." मी वर मान करून सुई टोचायचे. मग एका गुरुवारी तुमच्या सदरात 'दौंडला उतरलेली नवरी' छापून आली आणि तालुक्याला हसायला विषय मिळाला. नवी नवरी जन्मात पहिल्यांदा गाडीत बसलेली. नगरकडून आलेल्या गाडीचं इंजिन दौंडला या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात आणि गाडी उलट्या तोंडानं पुण्याकडं निघते, हे तिला ठाऊक नाही. गाडी माघारी निघाली असं समजून ती घाबरते आणि पेटीसकट खाली उडी मारते. पुढच्या डब्यात चढलेला नवरा बिचारा पाटसला येऊन बघतो, तर जागा रिकामी!

नाव घातलं नव्हतंत, कबूल. पण पेटीवरचा हिरवा मोर घातलात. त्या पेटीत मी दवाखान्यातला कापूस ठेवते, हे सगळ्या तालुक्याला माहीत. आमच्या साहेबांनी महिन्याच्या मीटिंगमध्ये चहाबरोबर तो लेख मोठ्यानं वाचला. गाडीतळावर एकानं विचारलं, "सिस्टर, तिकीट कुठवरचं काढलंय? का मधीच उतारताय?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे.

माझी बदली डिकसळकडच्या उपकेंद्रात झाली आहे. धरणाच्या पाण्याकाठी आहे ते, घरून रोज एस्टीनं ये-जा करायची. तिथून तुमची गाडी दिसते म्हणे. बघा माझं नशीब.

मी तुम्हाला परत या म्हणत नाही. पोरीला काय सांगू तेवढं कळवा.

मुक्ता


डिकसळ,
८ ऑक्टोबर

साक्षीच्या पप्पांना,
जयभीम. ('कोरडा' या वेळी राहू दे. इथं चहूकडं पाणी आहे.)

तुमचं उत्तर आलं नाही. साक्षीला मात्र कार्ड आलं. आईचं पत्र मिळालं का, असं तिनं विचारलं होतं, त्यावर तुम्ही 'मिळालं' लिहिलंत आणि खाली एक सिग्नल काढलात. सिग्नल वर आहे की खाली, त्यावरून आमच्या घरी वाद झाला. पोरगी म्हणते, खाली, म्हणजे गाडीला वाट मोकळी. मला तसलं काही कळत नाही.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि बानूबाई. बानूबाई इथली जुनी दाई. वय विचारलं तर पुलाकडं बोट दाखवते. पूल तुम्हाला ठाऊक असणारच, भीमेवरचा जुना रेल्वेचा दगडी पूल. धरणाचं पाणी आलं तेव्हा रूळ काढून नेले आणि गाडी दुसरीकडून वळवली. आता त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर जातात आणि दुपारी मी जाते, लशीचा डबा खांद्याला लावून.

काल पुलाच्या मधोमध बानूबाई थांबली. पाण्याकडं बघून म्हणाली, "आता जितं पानी हाय न्हवं बाई, तितं आमचं टेशन व्हतं. मी तितं पेरू इकायची. गाडी आली की खिडक्या खिडक्यांनी पळायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गाव बुडालं, टेशन बुडालं. गाडी तेवढी शानी. वळसा घालून निघून गेली." आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली. "पर जाती कुठं? आवाज येतोय की अजून हितंच."

आणि खरंच आला. लांब पाण्यापलीकडं पॅसेंजर चालली होती. एवढीशी दिसत होती, पण आवाज पाण्यावरून चालत आमच्या पायांपर्यंत आला. पुलावर रूळ नाहीत, तरी मला वाटलं, खालचा दगड थरथरतोय. बगळे उठले आणि परत त्याच जागी बसले. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले. घरी येताना सारखं वाटत होतं की पाण्याखाली अजून एक फलाट आहे, तिथं दिवा लागलेला आहे आणि कुणीतरी पेरू घेऊन उभं आहे. हे असलं मला कधी सुचत नाही. तुमच्या संगतीचा परिणाम उशिरानं होत असावा.

तुमचे लेख मी वाचते. साप्ताहिक बंद करायला मी काही खुळी नाही, वर्षाची वर्गणी भरलेली आहे. कोकणातल्या बोगद्यांवर छान लिहिता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. तुमच्या प्रत्येक लेखात तुम्ही खिडकीपाशी बसता आणि समोरच्या खिडकीत कुणी नसतं. मिरजेच्या गाडीत नाही, कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीत नाही. ज्या डब्यात माणूस उभं राहायला जागा नाही, त्यातही तेवढी एक जागा रिकामीच. वाचणाऱ्यांना ते कळत नसेल. मी अकरा वर्षं तुमचं लिहिलेलं सगळ्यांच्या आधी वाचत आले, मला कळतं.

असं आडून बोलायचं असेल तर बोलू नका.

मुक्ता


इंदापूर,
१९ नोव्हेंबर

साक्षीच्या पप्पांना,
जयभीम.

रंगूअक्का आठ दिवस येऊन राहून गेली. तुमच्या आवडीच्या शेंगोळ्या केल्या होत्या, तुमच्या वाटणीच्या पिंकीनं खाल्ल्या.

साक्षीनं घरात गाडी केली आहे. पाट, उशा, पिठाचा डबा, सगळं ओळीनं. पुढं तुम्ही बारामतीच्या छोट्या गाडीचा आणलेला तो रुळाचा तुकडा, तो म्हणे इंजिन. दाराला अडण म्हणून ठेवलेला होता, पावसाळ्यात गंजला, म्हणून मी त्याला तेल लावून पुसून ठेवला. यावर लेख लिहू नका. अक्काला तिनं पाटावर बसवलं आणि विचारलं, "मावशी, तू खऱ्या गाडीत बसलीयस?"

"बसलीय की," अक्का म्हणाली, "जाताना बी आन् येताना बी."

"मी नाही बसले. आई बसू देत नाही."

रेल्वेवर लिहिणाऱ्याची मुलगी नऊ वर्षांची झाली आणि तिनं डब्यात पाय ठेवलेला नाही. हे ऐकून अक्का माझ्याकडं बघायला लागली. मी भाजी ढवळत राहिले.

मग पोरीनं तिला तो लेख वाचून दाखवला. कात्रण कुठं लपवून ठेवलं होतं देव जाणे, मी तर अंक चुलीत घातला होता. अगदी तुमच्यासारखं थांबून थांबून वाचते. नवरी उडी मारते तिथं ती स्वतः हसली. अक्का हसली नाही. पदर तोंडाला लावून ऐकत होती. पोर खेळायला गेल्यावर मला म्हणाली, "मुक्ते, तू का उतारलीस ते त्यास्नी सांगितलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"अकरा वर्सांत न्हाय?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आगं, मग त्या मानसाला का बोल लावतीस? त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिव्हलं."

मला तिचा राग आला. माझी सख्खी बहीण आणि बाजू तुमची घेते. पण ती एस्टीत बसून गेली आणि ते वाक्य घरात राहिलं. पोळ्या लाटताना ऐकू येतं, पुलावरून जाताना ऐकू येतं. अक्का नांदायला गेली आणि परत आली, एवढंच तुम्हाला माहीत आहे. कशी परत आली, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुम्हालाही कुणी सांगितलं नाही.

आज एवढंच. डोळ्यांत कांदा गेला आहे.

मुक्ता


डिकसळ,
७ डिसेंबर

साक्षीच्या पप्पांना,
मनापासून जयभीम.

पाण्यावर रोहित पक्षी आले आहेत. सकाळी धुकं असतं तेव्हा नुसते पाय दिसतात, वरचं अंग नसतंच. बानूबाई म्हणते, ते दर वर्षी न चुकता येतात, त्यांना कुणी कार्ड घालत नाही. हे तिनं तुम्हाला उद्देशून म्हटलं असं नाही, पण म्हटलं.

आता कामाचं लिहिते. लग्नानंतर आपण दोघं देहूरोडला बुद्धविहारात जायला निघालो होतो. माझ्या माहेरून, बेलवंडीहून, सकाळची पॅसेंजर, दौंडला इंजिन बदलायचं, मग पुणे, मग देहूरोड. माझ्या त्या उडीमुळं आपण दौंडहूनच एस्टीनं इंदापूरला आलो. नंतर माझं नर्सिंगचं शिक्षण आलं, मग साक्षी आली, मग तुमची प्रेसमधली नोकरी गेली. म्हणजे तुम्ही सगळा देश पालथा घातलात आणि आपण दोघं अजून देहूरोडला पोचलेलोच नाही.

यंदा पंचवीस डिसेंबरला, विहारातल्या मूर्तीच्या वर्धापनदिनाला, मी साक्षीला घेऊन जाणार आहे. रजा टाकली आहे. आदल्या दिवशी बेलवंडीला अक्काकडं मुक्काम, आणि तिथून तीच सकाळची पॅसेंजर. सांगितल्यापासून पोरीचे पाय जमिनीवर नाहीत.

मी तुम्हाला या म्हणत नाही. नोकरीचं तुम्ही तिकडं काय ठरवलंत मला ठाऊक नाही, आणि महिना संपत आला आहे. ठरवलं असलंत तर निदान पोरीला समोरासमोर सांगा, कार्डावर इंजिन काढून नको. दौंडला गाडी बराच वेळ थांबते, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

मुक्ता


बेलवंडी,
२४ डिसेंबर

हे टपालात पडणार नाही, जवळ ठेवते.

साप्ताहिकाच्या गेल्या अंकात तुमचं सदर नाही. तिथं चौकट आहे, 'लेखक प्रवासात असल्यामुळे या अंकी सदर देता आले नाही.' मी ती चौकट चारचारदा वाचली. लेखक प्रवासात असतो म्हणूनच तर सदर असतं! की नोकरीची सही करून नव्या गावी खोली बघत फिरताय? साक्षीलाही कार्ड नाही. ती म्हणते, पप्पा येणार म्हणून कार्ड नाही. मी तिला स्वेटर घालायला लावते.

अक्कानं अंगणात शेकोटी केली आहे. भाकरी बांधून ठेवली आहे, तीन माणसांची.


गाडीत, दौंड,
२५ डिसेंबर

सप्रेम जयभीम.

साक्षी खिडकीत आहे. बेलवंडीपासून तिनं मला एकेक गोष्ट दाखवली, म्हैस, विहीर, म्हैस, पूल, सायकलवाला, परत म्हैस. तुमच्यासारखीच तिला कुठलीही गोष्ट जुनी होत नाही. तिच्यामागं ऊन पळत होतं आणि ती मधूनच मला विसरत होती. तेव्हा मला कळलं की तुम्ही गाडीत बसल्यावर कुठं जाता.

आता दौंडला उभे आहोत. पुढचं इंजिन सुटून गेलं. फलाटावर मी पाहिलं, तुम्ही नाही. बाकावर नाही, चहापाशी नाही. पोरीनं विचारलं, "आले का?" मी म्हटलं, "अजून नाही."

तुम्ही आलात नाही आलात, आज लिहून टाकते. तुम्ही विचारलं नाहीत हे खरं. मी सांगितलं नाही हेही खरं.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आठव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं तिला गाडीत बसवलं. माहेरी जाऊन येऊ म्हणाला. गाडी सुटायच्या आत म्हणाला, "पाणी घेऊन आलोच." तो आला नाही. गाडी सुटली. अक्का पेटी घेऊन एकटी बेलवंडीला उतरली, आणि ती पेटी परत कधी कुठं गेली नाही. तुम्हाला हुंडा नको होता. तुम्ही मला पुढं शिकवणार होतात. मला सगळं इतकं छान वाटत होतं की खोटंच वाटत होतं. दौंडला तुम्ही उठलात, म्हणालात, "इंजिन बघून आलोच." आणि थोड्या वेळानं गाडी निघाली. निघाली ती आलो त्या बाजूला. बेलवंडीकडं.

मी घाबरले नव्हते हो. मला वाटलं, मलाही परत पाठवलं. आणि मला परत जायचं नव्हतं. पेटी घेऊन उडी मारली ती त्यासाठी. फलाटावर बसून ठरवलं होतं, तुम्ही सापडला नाहीत तर इथंच भांडी घासीन, पण त्या गाडीनं जाणार नाही. संध्याकाळी तुम्ही धावत आलात आणि मला पेटीवर बसलेली बघून पोट धरून हसलात. तुम्हाला बघून मला एवढा आनंद झाला की मीही हसले. मग ते हसणंच राहिलं, बाकीचं सांगायचं राहून गेलं.

थांबा. धक्का बसला, मागं इंजिन लागतंय वाटतं. दारातून बघून येते.

आले.

फलाटाच्या पार त्या टोकाला एक माणूस उभा आहे. खांद्याला कापडी पिशवी, दाढी वाढलेली. मान वाकडी करून इंजिन जोडताना बघतोय. गाडीत बायको आहे, पोर आहे, एकेक डबा शोधावा, ते नाही. अकरा वर्षांत काडीचा फरक नाही. हाक मारणार होते. मारली नाही. मारली असती तर धावत आला असता आणि त्याचं बघायचं अर्धवट राहिलं असतं.

शिट्टी झाली. तो पुढच्या डब्यात चढला. मी जागेवर येऊन बसले. साक्षीला काही सांगितलेलं नाही.

गाडी हलली तशी पोरगी किंचाळली, "आई, उलटी चाललीय! आई, मावशीकडं परत चाललीय! उतर ना!" माझा हात ओढायला लागली. मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, "बस. ती पुढंच चालली आहे. आपल्यालाच तसं वाटतं." समोरचे आजोबा हसले. मीही हसले, आणि या वेळी मला खरंच हसू आलं.

दौंड मागं पडलं. उसाची शेतं चालली आहेत. आता पोर शांत झाली आहे आणि उलट्या बाजूनं सगळं नवं बघते आहे.

नोकरीचं हो म्हणायचं असेल तर म्हणा. समुद्राकाठच्या पोरांनाही लस टोचावी लागते, मला बदली मागता येईल. पण आधी मला विचारा, साक्षीच्या नावानं नाही, माझ्या नावानं. आणि तो लेख पुन्हा लिहा. मोर राहू द्या, उडी राहू द्या, फक्त नवरी का उतरली ते घाला.

पाटस येईल आता. तुम्ही पुढून एकेक डबा बघत याल. त्या वेळी तुम्हाला जागा रिकामी दिसली होती. आज मी खिडकीपाशी आहे, हे पत्र हातात घेऊन. समोरची जागा कुणी घेऊ नये म्हणून तिच्यावर ती हिरव्या मोराची पेटी ठेवली आहे. ती उचला आणि बसा.

तुमची,
मुक्ता